वजन १०० किलोच्या पुढे असेल तर रोड बाईक कशी निवडायची? आधी मागचं चाक बघा

आजचा विषय थोडा वजनदार आहे.

सुरुवातीलाच सांगतो, रोड बाईक म्हणजे मोटारसायकल नव्हे. आमच्या वैरागात "बाईक घ्यायचीय" म्हटलं की समोरचा लगेच "शाईन का स्प्लेंडर?" असं विचारतो. इथे आपण बोलतोय ते खाली वाकलेल्या हॅण्डलच्या, मोठ्या चाकांच्या, गिअरवाल्या सायकलबद्दल. डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारायला बनवलेली सायकल.

वजन जास्त असलेल्या पोराने किंवा पोरीने अशी सायकल घ्यायची म्हटली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "आधी वजन कमी कर, मग सायकल घे." दुसरा, "तुझ्या वजनाला ती काडी सायकल टिकायची नाही." पहिला सल्ला उलटाच आहे, कारण बऱ्याच जणांना सायकल हवी असते ती त्यासाठीच. दुसरा मात्र अर्धा खरा आहे. चुकीची सायकल खरंच टिकत नाही. वैराग ते सोलापूर पन्नासेक किलोमीटर अंतर आहे. मध्येच मागचं चाक डगमगायला लागलं, शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चाललाय, आणि पुढच्या गावात हवा भरण्यापलीकडे काही होत नाही, अशी वेळ आली तर तीस-चाळीस हजारांची सायकल कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून ही माहिती खरेदीच्या आधी वाचा.

माझं वजन १०६ किलो आहे, त्यामुळे खालची सगळी उदाहरणं त्याच आकड्यावर आहेत. तुम्ही तुमचा आकडा घाला.

आधी एकूण वजन काढा

प्रत्येक चांगल्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा दिलेली असते. इथे बहुतेक जण फसतात, कारण ही मर्यादा अनेकदा फक्त माणसाच्या वजनाची नसते. माणूस, सायकल आणि सामान मिळून ती असते. उदाहरणार्थ, ट्रेक कंपनी ड्रॉप हॅण्डलच्या रोड बाईकसाठी एकूण १२५ किलो सांगते, आणि एफएक्ससारख्या सरळ हॅण्डलच्या हायब्रिडसाठी १३६ किलो. एकाच कंपनीच्या दोन सायकलींत ११ किलोचा फरक!

माझा हिशोब असा: मी १०६, कपडे-बूट-हेल्मेट २, पाण्याच्या दोन बाटल्या दीड, कुलूप-पंप-ट्यूब-हत्यारं दीड, आणि सायकल साडेबारा. झाले साडेतेवीस कमी सव्वाशे? नाही, बरोबर १२३.५ किलो. म्हणजे १२५ च्या मर्यादेत मी जेमतेम बसतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतली तर बाहेर. घरात वजनकाटा नसेल तर भुसार दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅगेसकट उभं राहा, कुणी नाही म्हणत नाही. थोडं हसतील, हसू द्या.

मर्यादा ओलांडली की सायकल त्याच क्षणी मोडते असं नाही. पण वॉरंटीचा प्रश्न आला की कंपनी पहिल्यांदा हेच विचारते. आणि माझ्या मते मर्यादेला चिकटून राहण्यापेक्षा दहा किलो तरी मोकळे ठेवावेत, कारण ही मर्यादा ठरवणाऱ्याने आपल्याकडचे गतिरोधक बघितलेले नसतात.

ऑनलाइन पानावर मर्यादा दिसली नाही तर कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करा आणि त्यात 'वजन' शोधा. मॅन्युअलच नसेल, तर ती सायकल यादीतून काढा.

फ्रेम नाही, स्पोक तुटतात

लोक फ्रेम बघतात. जाड नळी, मजबूत वेल्डिंग, भारी रंग. पण जड माणसाची सायकल बहुतेक वेळा फ्रेममध्ये मोडत नाही. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत फ्रेमवर पायडलच्या जोराची नक्कल करून १ लाख वेळा ताण दिला जातो. फ्रेम त्यातून पास होऊन आलेली असते. आधी दगा देतं ते मागचं चाक.

कारण समजून घेऊ. सायकलवर बसल्यावर वजनाचा साधारण ६० टक्के भाग मागच्या चाकावर येतो. चाक उभं राहतं ते ताणलेल्या स्पोकवर. जमिनीला टेकलेल्या भागातल्या स्पोकचा ताण वजनामुळे थोडा कमी होतो, चाक फिरलं की परत वाढतो. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा सैल आणि एकदा घट्ट होतो. ७००सी मापाचं चाक एका किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतं. वैराग ते सोलापूर एकदा गेलात की प्रत्येक स्पोकने हा खेळ जवळपास २३ हजार वेळा केला. लोखंडी तार आपण हाताने खालीवर वाकवत राहिलो की शेवटी तुटते ना, तेच इथे होतं. वजन जास्त, तर ताणातला चढउतार जास्त. त्यात स्पोक मुळातच सैल बसवलेले असतील तर काम लवकर तमाम. तुटतो तोही बहुतेक हबजवळच्या वाकलेल्या टोकाला.

मग उपाय काय? स्पोकची संख्या. शोरूममध्ये चकचकीत दिसणाऱ्या बऱ्याच रोड बाईकच्या मागच्या चाकात २४ किंवा २८ स्पोक असतात, पुढे २० सुद्धा. हलकं चाक, वेगवान दिसतं, आणि ६५ किलोच्या माणसाला पुरतंही. आपल्याला मागे किमान ३२ हवेत, ३६ मिळाले तर सोन्याहून पिवळं. आपली जुनी काळी देशी सायकल आठवा, जिच्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून लोक गावोगाव जायचे. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असायचे. मागे आठ जास्त का, ते त्या कॅनकडे बघितलं की कळतं.

संख्येसोबत जाडी. २ मिलिमीटरचे स्टेनलेस स्पोक घ्या. मधला भाग किंचित बारीक असलेले, २–१.८–२ मापाचे 'डबल बटेड' स्पोक मिळाले तर अजून चांगले. ऐकायला विचित्र वाटेल, पण मधला बारीक भाग थोडा ताणला जातो आणि टोकावरचा धक्का कमी होतो. रिम दुहेरी भिंतीची, म्हणजे डबल वॉल, हे तर ठरलेलंच.

हबमध्ये काय दडलंय

हा मुद्दा दुकानदार क्वचित सांगतो. मागच्या गिअरचे दाते चाकाला दोन पद्धतींनी बसतात. स्वस्त सायकलीत दात्यांचा पूर्ण गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. यात उजव्या बाजूचे छर्रे गठ्ठ्याच्या आत, म्हणजे बरेच मधल्या बाजूला राहतात. त्यामुळे उजवीकडे एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय लोंबतो. जड माणूस, खड्डा, धक्का, की एक्सल वाकला. दुसऱ्या पद्धतीत हबला स्वतःचंच फिरणारं अंग असतं, फ्रीहब, आणि त्यावर दात्यांची कॅसेट सरकवून बसते. यात छर्रे थेट टोकाजवळ असतात, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो.

मोबाईलवर स्पेसिफिकेशन वाचताना ओळखायचं कसं? शिमानोच्या पार्टचा कोड बघा. 'एमएफ'ने सुरू होत असेल तर फ्रीव्हील, 'सीएस'ने सुरू होत असेल तर कॅसेट. ७ स्पीडच्या स्वस्त सायकलीत बहुधा फ्रीव्हील निघतं. क्लॅरिसच्या ८ स्पीड आणि सोराच्या ९ स्पीड सायकलीत कॅसेट येते. १०० किलोच्या पुढे असाल तर फ्रीव्हीलवाली रोड बाईक घेऊ नका, कितीही सूट असली तरी. इतर सगळ्या बाबतीत तडजोड चालेल, पण ही आणि स्पोकची, या दोन ठिकाणी नाही.

बजेट बसत असेल तर १२ मिलिमीटरचा थ्रू एक्सल असलेली सायकल अजून मजबूत. पण साध्या क्विक रिलीजवरही कॅसेट हब चांगला चालतो.

टायर: २५चा मोह सोडा

रोड बाईक म्हणजे पातळ टायर हे डोक्यात घट्ट बसलंय. खरं तर टूर द फ्रान्सवाले रेसरसुद्धा पूर्वीच्या २३ मिलिमीटरवरून आता २८च्या आसपास आलेत. खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी उड्या मारतो, म्हणून वेगही कमी जात नाही. आपल्याला तर दुसरंही कारण आहे, ते म्हणजे हवा.

सायकल विषयावर लिहिणारे अमेरिकेतले फ्रँक बर्टो यांची एक प्रसिद्ध पद्धत आहे: वजन पडल्यावर टायर उंचीच्या १५ टक्के दबला पाहिजे, इतकी हवा भरा. त्या हिशोबाने एकूण १२३ किलोला मागच्या चाकात अंदाजे किती पीएसआय लागतं ते बघा. २५ मिलिमीटरच्या टायरला १४५च्या पुढे, २८ला १२०, ३२ला १०० च्या आत-बाहेर, ३५ला ८५, आणि ३८ला ७५. आता बाजारात जाऊन २५च्या टायरच्या बाजूला छापलेला कमाल आकडा वाचा. बहुतेकांवर तो ११० किंवा १२० असतो. म्हणजे जितकी हवा हवी तितकी त्यात भरताच येत नाही! कमी हवेने चालवलं की खड्ड्यात रिम थेट ट्यूबवर आपटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. असं दोन भोकांचं पंक्चर वारंवार होत असेल तर काट्याला शिव्या देऊ नका, टायर तुमच्या वजनाला बारीक आहे.

म्हणून ३५ किंवा ३८. आणि त्यासाठी फ्रेम आणि फोर्क, म्हणजे आपल्याकडचा चिमटा, यात तेवढी जागा हवी. स्पेसिफिकेशनमध्ये 'टायर क्लिअरन्स' किती आहे ते बघा. ही जागा नंतर वाढवता येत नाही. टायर बदलता येतो, चाक बदलता येतं, जागा नाही. रेसिंग प्रकारापेक्षा एन्ड्युरन्स, ऑल रोड किंवा ग्रॅव्हल या नावाने विकल्या जाणाऱ्या सायकलींत ती मिळते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा बरीच कमी हवा चालते. माझ्या वजनाला ३५च्या टायरमध्ये मागे ८५ असेल तर पुढे ५५ पुरे होतात.

एक इशारा. नव्या महाग चाकांत 'हुकलेस' रिम येतात. त्यांना साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा चालत नाही. वरचे आकडे परत बघा, आणि हुकलेस आपल्यासाठी का नाही ते लक्षात येईल.

राहिले काटे. वैरागच्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहेच. आत संरक्षक थर असलेला टायर घ्या, उदाहरणार्थ श्वाल्बेचा मॅरेथॉन. थोडा जड असतो. आपल्या एकूण वजनात ते दोनशे-तीनशे ग्रॅम कुठे दिसणार आहेत?

गावात दुरुस्त होईल का?

शहरातल्या रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न नसतोच. आपल्यासाठी मात्र तो अर्धा निर्णय आहे.

पहिली गोष्ट वॉल. रोड बाईकच्या ट्यूबला बऱ्याचदा बारीक प्रेस्टा वॉल असतो. गावातल्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या वॉलचं असतं, प्रेस्टावर ते बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, अगदी स्वस्त असतो, दोन घेऊन ठेवा आणि एक सायकलवरच लावून टाका. त्यापेक्षा बरं म्हणजे, रिमचं भोक मोटारसायकलसारख्या जाड श्रेडर वॉलचं असेल तर सगळीच कटकट मिटते. जाड भोकात बारीक वॉल बसवता येतो, उलटं होत नाही. आणि कॉम्प्रेसरवर हवा भरताना दुकानदार दादांना म्हणा, थांबून थांबून भरा. ट्रकच्या टायरच्या मानाने सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? दोन सेकंदांत फाटते.

दुसरी गोष्ट टायरचं माप. ७००सीला काही दुकानदार सरळ '२८ इंची' म्हणतात, आणि देशी सायकलचा २८ × १½ टायर काढून देतात. तो बसत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात एक आकडा असतो, जसं ३५-६२२. यातला ६२२ महत्त्वाचा, तो रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. देशी २८ × १½चा व्यास ६३५ आहे. उलट २९ इंची एमटीबीचं रिम ६२२च असतं, त्यामुळे अडीअडचणीला त्याची ट्यूब कामाला येऊ शकते. तुमच्या टायरवरचा हा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात वाद घालण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.

तिसरी गोष्ट ब्रेक. १२० किलोचं एकूण वजन ताशी ४० किलोमीटरने उतारावर असेल तर थांबवायला सुमारे ७,४०० ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ८० किलोला ४,९०० पुरते. म्हणून जड माणसाला डिस्क ब्रेक, यात माझ्या मनात शंका नाही. दुसरं कारण काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावर शंभर मीटर गेलात की रिम ब्रेकच्या फटीत चिखल असा बसतो की चाक फिरत नाही. डिस्कला तो त्रास कमी.

आता केबलवाला डिस्क की हायड्रॉलिक? हायड्रॉलिकचा जोर जास्त आणि हात कमी दुखतात. पण केबल कुठेही मिळते, कुणीही बदलतो. मी गावासाठी केबलवाला निवडेन. हायड्रॉलिक घेणारच असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटारसायकलचा मेकॅनिक सवयीने डॉट फ्लुइड ओतेल. त्याने आतले रबरी सील खराब होतात आणि ब्रेक जातो. सर्व्हिसिंगला दिली तर समोर उभे राहा.

गिअर: पुढे लहान, मागे मोठा

सपाट रस्त्यावर वजनाने फारसं बिघडत नाही. तिथे खरा शत्रू वारा. बार्शी रस्त्यावर ९० किलोचा आणि ६० किलोचा पोरगा सोबत आरामात जाऊ शकतात. चढ आला की गणित बदलतं. त्याच चढावर, त्याच वेगाने जायला ८० किलोच्या तुलनेत १२० किलोला साधारण दीडपट ताकद लागते. येडशीजवळच्या रामलिंग घाटात हे पुस्तक न वाचताही समजतं.

म्हणून सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. पुढच्या लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर १.२१. पुढे ३४, मागे ३४ असेल तर बरोबर १. यात मिनिटाला ६० वेळा पायडल मारलं तर ताशी पावणेआठ किलोमीटरने वर चढता येतं. १.२१ मध्ये तोच पाय ताशी सव्वानऊच्या पुढे जावं म्हणून जबरदस्ती करतो, नाहीतर अडखळतो. उत्तर १ किंवा त्याहून कमी आलं पाहिजे. पुढे ४६/३० असलेल्या सायकलीत तर ०.८८ मिळतं. क्लॅरिस आणि सोरा या दोन्हींचे लांब पिंजऱ्याचे मागचे डिरेलर ३४ दात्यांपर्यंत चालतात, त्यामुळे सायकल २८वर आली असेल तर दुकानातच कॅसेट बदलून मागा. घासाघीस किमतीऐवजी इथे करा.

गुडघे हा यातला खरा मुद्दा आहे. जड गिअर दाबत बसलं की चाकाआधी ते बोलायला लागतात.

फ्रेम, सीट वगैरे

यावर जास्त वेळ घालवू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम पुरेशी आहे. क्रोमोली स्टीलची मिळाली तर रस्त्याचा धक्का कमी लागतो, फक्त जराशी जड. कार्बनची फ्रेम मजबूत असू शकते, पण मार लागला की आतून तडा गेलाय का ते गावात कुणी सांगू शकत नाही. जुनी सायकल घेत असाल तर ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगशेजारी मोबाईलच्या टॉर्चने केसासारखी रेघ शोधा. रंगाचा ओरखडा आणि तडा यातला फरक ओळखू येत नसेल तर ती सायकल सोडा.

फ्रेमचं माप उंचीवरून ठरतं, वजनावरून नाही. "तुम्ही जाड आहात, मोठी फ्रेम घ्या" असं कुणी म्हणालं तर दुकान बदला. सीटपोस्टवर एक कमाल रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत सीट वर काढायची नाही. लांब उघडी नळी आणि वर शंभर किलो, परिणाम सांगायला नको. सीटखालच्या दोन सळ्या स्टीलच्या असू द्या. जाड गादीची सीट शोरूममध्ये मऊ वाटते आणि वीस किलोमीटरनंतर टोचते, कारण हाडं तिच्यात रुततात. प्लास्टिकचे पायडल आले असतील तर पहिल्या दिवशीच बदला.

मोबाईलने चाक तपासा

हे करायला खूप मजा येते आणि खरंच उपयोगाचं आहे. गिटार लावायचं एखादं फुकट ट्यूनर ॲप घ्या. मागच्या चाकाचा एक स्पोक रिमच्या बाजूला, नखाने छेडा. तारेसारखा आवाज येतो, ॲप त्याचा सूर दाखवतं. आता त्याच बाजूचे बाकीचे स्पोक छेडत जा. उजव्या बाजूचे उजव्याशी, डावीकडचे डाव्याशीच ताडून बघायचे, कारण मागच्या चाकात गिअरकडची बाजू मुळातच जास्त ताणलेली असते. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा आला पाहिजे. एखाद्याची वारंवारता १० टक्के खाली असेल तर त्याचा ताण जवळजवळ २० टक्के कमी आहे, कारण ताण वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. एखादा नुसताच 'थप' असा वाजला तर तो सैलच आहे.

यानंतर सायकल उचलून चाक फिरवा, ब्रेकजवळ मोबाईल स्थिर धरून स्लो मोशन व्हिडिओ काढा. रिम डावी-उजवीकडे नाचत असेल तर चाकात आऊट आहे. नव्या सायकलीतही तो असू शकतो, विशेषतः खोक्यातून आलेल्या. दुकानात हे केलं तर दुकानदार जरा वाकड्या नजरेने बघेल, पण आऊट काढून देईल.

घेताना आणि घेतल्यावर

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर तोच दर आहे ना ते बघा. बिल पक्कं घ्या, त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या आणि दोन्हींचे फोटो ड्राइव्हवर टाका.

ऑनलाइन मागवली तर सायकल अर्धवट जोडलेल्या अवस्थेत येते. हॅण्डल, पुढचं चाक, पायडल आपल्याला लावावे लागतात. ते जमतं. मागच्या चाकाचा ताण मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्या, सोलापूर किंवा पुण्याला जावं लागलं तरी. मनासारखी सायकल आहे, सगळं बरोबर आहे, फक्त मागच्या चाकाला २४ स्पोक आहेत, असंही होतं. अशा वेळी सायकल घेऊन फक्त मागचं चाक ३२ किंवा ३६ स्पोकचं बांधून घेता येतं. अख्खी सायकल वरच्या मॉडेलची घेण्यापेक्षा हा खर्च बहुतेक वेळा कमी पडतो.

नवं चाक पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये बसतं, म्हणजे स्पोक आपापल्या जागी रुळतात आणि ताण थोडा उतरतो. तेवढं अंतर झालं की एकदा आऊट काढून घ्या, मग दर दोन महिन्यांनी ट्यूनर लावा. आणि पहिल्याच दिवशी दुकानातून जादा स्पोक मागून घ्या: मागच्या उजव्या बाजूचे दोन, डाव्या बाजूचे दोन. दोन्ही बाजूंची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, त्यामुळे वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळा आणि फ्रेमच्या मागच्या नळीला बांधून ठेवा. गावातल्या मेकॅनिकला स्पोक बदलता येतो, फक्त त्या मापाचा स्पोक त्याच्याकडे नसतो.